बाथरूममधील गॅस गीझरचा धूर नेमका कुठे सोडावा?

मुठाकाठ (पुणे)

नमस्कार. आमची सदनिका सिंहगड रस्त्यावरील एका जुन्या सात मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. इमारतीत आता पाइप गॅस आला आहे आणि स्वयंपाकघरातील शेगडी त्यावर सुरूही झाली आहे. आई-वडील आता कायमचे आमच्याकडे राहायला येत असल्यामुळे सकाळी लागोपाठ सगळ्यांच्या आंघोळी होणार, आणि विजेच्या साठवणीच्या गीझरचे पाणी त्याला पुरत नाही. म्हणून मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गॅस गीझर घ्यावा असा विचार आहे.

अडचण जागेची आहे. बाथरूम साधारण चार फूट बाय सहा फूट असून तिला बाहेरची खिडकी नाही. काचेच्या पट्ट्यांचा एक व्हेंटिलेटर आहे, तो इमारतीच्या मधल्या डक्टमध्ये उघडतो, आणि त्याच व्हेंटिलेटरच्या अर्ध्या भागात एक्झॉस्ट फॅन बसवलेला आहे. आमच्या नेहमीच्या प्लंबरचे म्हणणे असे की धुराची नळी नसलेला साधा गीझर बाथरूममध्येच व्हेंटिलेटरजवळ लावावा आणि आंघोळीच्या वेळी फॅन चालू ठेवावा, म्हणजे काही धोका राहत नाही. शिवाय वीस मिनिटांनी गीझर आपोआप बंद होतोच. गीझर बसवणाऱ्या दुसऱ्या कारागिराने नळी असलेला गीझर घेऊन ॲल्युमिनियमची लवचीक नळी काचेच्या पट्ट्यांमधून डक्टमध्ये सोडावी असे सुचवले आहे.

दोन्ही गोष्टी मला पटलेल्या नाहीत, परंतु त्या का पटत नाहीत हे नीट सांगताही येत नाही. डक्टमध्ये धूर सोडणे म्हणजे खरोखर बाहेर सोडणे होते का? एक्झॉस्ट फॅनवर विसंबता येते का? आणि गीझर बाथरूमबाहेर न्यायचा झाला तर कुठे? ज्यांना या कामाची प्रत्यक्ष माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. घरात वयस्कर माणसे असणार आहेत, त्यामुळे थोडा खर्च वाढला तरी चालेल.

बर्नर_देखभाल (पिंपरी)

माझे काम कारखान्यांतील गॅस बर्नरच्या देखभालीचे आहे. घरचा गीझर हा त्याच जातीचा लहान बर्नर असल्यामुळे आधी त्याची भूक किती असते ते सांगतो, म्हणजे तुमची शंका रास्त आहे हे दिसेल.

मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायचे तर पाण्यात सुमारे साडेदहा किलोवॉट उष्णता जावी लागते. काही उष्णता धुरावाटे वाया जाते हे धरले तर बर्नर सुमारे बारा किलोवॉटचा असतो. त्यासाठी मिनिटाला साधारण २० लिटर पाइप गॅस जळतो, आणि एक भाग नैसर्गिक वायू पूर्ण जळायला जवळपास दहा भाग हवा लागते. म्हणजे हा गीझर दर मिनिटाला सुमारे २०० लिटर हवेतील सगळा ऑक्सिजन संपवतो. तुमच्या बाथरूमची उंची साडेआठ फूट धरली तर आत एकूण हवा ५,८०० लिटरच्या आसपास भरते. दार लावून दहा मिनिटे आंघोळ केली तर त्यातील एक तृतीयांश हवेचा ऑक्सिजन बर्नरनेच खाल्लेला असतो. दाराखालच्या फटीतून थोडी ताजी हवा येते, त्यामुळे प्रत्यक्षात घट याहून कमी होते, परंतु तेवढी वाट पाहण्याचीही गरज नसते. हवेत एरवी २१ टक्के असणारा ऑक्सिजन दोन-तीन टक्क्यांनी खाली आला की ज्योत अपुरी जळू लागते आणि कार्बन डायॉक्साइडबरोबर कार्बन मोनॉक्साइडही तयार होऊ लागतो. नळी नसलेल्या गीझरमध्ये हा सगळा धूर छताशी साठून पुन्हा खाली उतरतो आणि बर्नरच्याच तोंडी येतो. खराब हवेवर जळणारी ज्योत आणखी खराब हवा तयार करते, आणि पहिल्या काही मिनिटांत काहीच न जाणवता शेवटच्या काही मिनिटांत परिस्थिती एकदम बिघडते ती यामुळेच. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. पाइप गॅसला वास यावा म्हणून मिसळलेले द्रव्य ज्योतीत जळून जाते, त्यामुळे नाकाने सावध होण्याचा मार्गही उरत नाही.

आता फॅनविषयी. फॅन जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी हवा आत येण्यासाठी वाट लागते. बाथरूमचे दार घट्ट बसत असेल आणि उंबऱ्याला पाणी अडवणारी कडा असेल, तर ती वाट जवळपास नसतेच. शिवाय डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे अंगाला थंड वारा लागतो म्हणून लोक फॅन बंद करतात, म्हणजे गीझर जास्तीत जास्त वेळ चालतो तेव्हाच फॅन बंद असतो. ज्या सुरक्षिततेसाठी माणसाने रोज एक बटण आठवणीने दाबावे लागते, ती सुरक्षितता मी धरत नाही.

नळीचा गीझर लावून त्याच खोलीत एक्झॉस्ट फॅन ठेवणे तर मला त्याहून वाईट वाटते. साध्या नळीतील धूर केवळ गरम असल्यामुळे वर चढतो आणि ही ओढ फार क्षीण असते. फॅन सुरू होताच खोलीतील दाब किंचित कमी होतो आणि बाहेरची हवा सर्वांत सोप्या वाटेने आत येऊ पाहते. ती सोपी वाट म्हणजे नेमकी धुराची नळी. नळी लावली म्हणून घरातील सगळे निर्धास्त असतात आणि धूर मात्र गीझरच्या वरच्या फटीतून खोलीत उलटा येत असतो.

वीस मिनिटांच्या स्वयंचलित बंदीविषयी एवढेच सांगतो की नळ बंद करून पुन्हा उघडला की मोजणी पहिल्यापासून सुरू होते. एकामागून एक दोघे-तिघे आंघोळीला गेले तर तिचा काहीच उपयोग होत नाही. ती सोय पाणी विसरून चालू राहू नये यासाठी ठीक आहे. हवेचे मोजमाप ती करत नाही.

माझा सल्ला सरळ आहे: ज्योत बाथरूममध्ये नकोच. स्वयंपाकघरालगतची ड्राय बाल्कनी किंवा बाहेरची भिंत असेल तर गीझर तिथे लावावा आणि बाथरूममध्ये फक्त गरम पाण्याची नळी आणावी. पाच-सहा मीटर नळी वाढली तर गरम पाणी यायला थोडा उशीर लागेल आणि सुरुवातीचे थंड पाणी बादलीत धरावे लागेल. नळीवर उष्णतारोधक वेष्टन घातले की बाकी अडचण राहत नाही. पाइप गॅसचा वाढीव पॉइंट मात्र गॅस कंपनीकडे अर्ज करून तिच्याच माणसांकडून घ्यावा, शेगडीच्या नळीला फाटा फोडून घेऊ नये.

नकाशा_आणि_पाडकाम (ठाणे)

मी वास्तुविशारद आहे आणि जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामे करतो, म्हणून डक्टच्या प्रश्नापुरते लिहितो. वरील उत्तरात गीझरच्या बाजूचे सर्व आले आहे, परंतु डक्टमध्ये धूर सोडण्याचा सल्ला इतक्या सर्रास दिला जातो की त्यावर स्वतंत्रपणे बोलणे मला आवश्यक वाटते.

इमारतीतील डक्ट हा कागदावर वायुवीजनासाठी असतो. प्रत्यक्षात तो सांडपाण्याच्या नळ्यांचा रस्ता असतो आणि प्रत्येक मजल्यावरील दोन ते चार बाथरूम त्यात उघडतात. तुम्ही तिसऱ्या मजल्यावरून गरम धूर त्यात सोडला तर तो वर चढणार आणि चौथ्या, पाचव्या, सहाव्या मजल्यांच्या व्हेंटिलेटरसमोरून जाणार. त्यांपैकी ज्या घरात स्वयंपाकघराची चिमणी चालू आहे आणि खिडक्या बंद आहेत, त्या घराला हवा हवी असते आणि ती त्याच व्हेंटिलेटरमधून ओढली जाते. तुमचे बाथरूम स्वच्छ राहील आणि धूर वरच्या घरात शिरेल, अशी ही रचना आहे. उलट खालच्या मजल्यावर कोणी असाच गीझर डक्टमध्ये सोडलेला असेल तर तुमच्या घरात एकही गॅस उपकरण नसले तरी धोका तुम्हाला आहे.

दुसरी बाब डक्टच्या वरच्या तोंडाची. मूळ नकाशात ते उघडे असते किंवा त्यावर चारही बाजूंनी मोकळे असे छप्पर असते. मी पाहिलेल्या अनेक इमारतींत पावसाचे पाणी आणि कबुतरे यांच्या त्रासाने वैतागून सोसायटीने गच्चीवर डक्टवर फायबरचा पत्रा घट्ट ठोकलेला असतो, बाजूच्या फटींना जाळी मारलेली असते आणि त्या जाळीत पिसे, धूळ आणि पानांचा लगदा बसून ती भिंतीसारखी बंद झालेली असते. अशा डक्टला खाली एखादे सफाईचे दार असते, तेही बंद. म्हणजे वरून बाहेर नाही, खालून आत नाही. ती एक उभी बंद खोली झालेली असते. तुम्ही कोणताही निर्णय घेण्यापूर्वी एकदा गच्चीवर जाऊन आपल्या डक्टचे तोंड प्रत्यक्ष पाहावे, आणि ते बंद असेल तर गीझर लावा अगर लावू नका, सोसायटीच्या सभेत तो विषय मांडावा. कबुतरांसाठी जाळी हवीच असेल तर मोठ्या भोकांची लावावी, पत्रा डक्टच्या कठड्यापासून पुरेसा वर उचलून चारही बाजूंनी वारा खेळू द्यावा, आणि जाळी साफ करण्याचे काम पाण्याच्या टाकीच्या सफाईबरोबरच ठेकेदाराला लावून द्यावे.

धुराच्या नळीचे तोंड ज्या हवेत उघडते ती हवा आकाशाला मोकळी असली पाहिजे, एवढी एकच कसोटी लावली तर डक्ट त्यात बसत नाही, बंदिस्त केलेली बाल्कनी बसत नाही आणि खोट्या छताच्या वरची पोकळी तर मुळीच बसत नाही. शेवटचा प्रकारही मी पाहिला आहे: नळी दिसू नये म्हणून ती पीओपीच्या छतात नेऊन तिथेच संपवलेली होती.

जुना_वाडा (सातारा)

चर्चा वाचली. आमच्याकडे बरीच वर्षे सिलिंडरवरचा गॅस गीझर बाथरूममध्येच आहे आणि आम्हाला कधी त्रास झालेला नाही. व्हेंटिलेटर कायम उघडा ठेवतो, दाराखाली दोन बोटे फट आहे आणि बादली भरून झाली की गीझर बंद करून मगच आंघोळीला बसतो. शिस्त पाळली तर इतकी भीती बाळगण्याचे कारण नाही असे माझे मत आहे. सगळ्यांनाच गीझर बाहेर नेणे जमत नाही, हेही लक्षात घ्यावे.

अतिदक्षता (नाशिक)

मी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात डॉक्टर आहे. जुना वाडा यांची पद्धत, म्हणजे बादली भरून गीझर बंद करून मग आत जाणे, ही शॉवरखाली उभे राहून गीझर चालू ठेवण्यापेक्षा निश्चितच कमी धोक्याची आहे, आणि गीझर आजच हलवता येत नसेल त्यांनी तोवर निदान एवढे तरी करावे. परंतु ही शिस्त घरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला, प्रत्येक मुलाला आणि थंडीने कुडकुडणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला पाळावी लागते. ‘त्रास झालेला नाही’ या वाक्याबद्दलही मला थोडे बोलायचे आहे.

कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे ते अडीचशे पट अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळे हवेत त्याचे प्रमाण अगदी थोडे असले तरी तो रक्तात साठत जातो. सुरुवातीची लक्षणे म्हणजे डोके जड होणे, मळमळ, चक्कर आणि पायांतील बळ गेल्यासारखे वाटणे. आंघोळीनंतर असे वाटले तर माणूस पित्त झाले, रक्तदाब कमी झाला, उपाशीपोटी गरम पाणी घेतले, अशी कारणे देतो. प्रमाण वाढले की तो काही बोलण्याच्या किंवा कडी काढण्याच्या आत कोसळतो, कारण विचारशक्ती आणि हातपाय एकाच वेळी निकामी होतात. काहींना बाथरूममध्ये फिट येते. आपल्या देशातील मेंदूविकारतज्ज्ञ या प्रकाराला गॅस गीझर सिंड्रोम म्हणूनच ओळखतात, कारण बाथरूममध्ये बेशुद्ध सापडलेल्या आणि मिरगी समजून तपासण्या सुरू झालेल्या रुग्णाच्या घरी गॅस गीझर निघाला, असे वारंवार घडते. म्हणून बाथरूममध्ये कोणी बेशुद्ध पडले आणि घरात गॅस गीझर असेल तर ते रुग्णालयात पहिल्याच वाक्यात सांगावे.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर मुळीच विसंबू नये. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्या यंत्राला ऑक्सिजन चिकटल्यासारखेच दिसते, त्यामुळे रुग्ण गुदमरत असतानाही ते ९८ दाखवू शकते. खरे प्रमाण रक्ताच्या वेगळ्या तपासणीतून कळते.

प्रथमोपचाराबाबत. दार ठोठावून उत्तर आले नाही तर वेळ न घालवता ते उघडावे, पण स्वतः आत थांबू नये. शक्य तर आधी बाहेरून गॅसची चावी बंद करावी, श्वास रोखून आत जावे, माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास चालत नसेल तर छातीदाब सुरू करावा. साध्या हवेत रक्तातील कार्बन मोनॉक्साइड निम्म्यावर यायला चार ते पाच तास लागतात. मास्कने पूर्ण ऑक्सिजन दिला तर तोच वेळ एक ते दीड तासावर येतो. म्हणून ‘शुद्धीवर आला, आता बरा आहे’ असे म्हणून घरी ठेवू नये. काही रुग्णांमध्ये काही दिवसांनी किंवा काही आठवड्यांनी स्मरणशक्ती, चाल आणि स्वभाव यांत बिघाड दिसू लागतो, तेव्हा नंतरची तपासणीही टाळू नये. गर्भवती स्त्रीच्या बाबतीत पोटातील बाळाला होणारी इजा आईच्या लक्षणांवरून ओळखता येत नाही, त्यामुळे तिला काहीच होत नसले तरी न्यावे.

मुठाकाठ, आई-वडील येणार आहेत म्हणून एक छोटी गोष्ट सुचवते. बाथरूमच्या दाराला आतून सरकवायची जड कडी असेल तर ती काढून बाहेरून नाण्याने किंवा किल्लीने उघडता येईल असे कुलूप बसवून घ्या. घसरून पडण्याच्या प्रसंगीही त्याचा उपयोग होतो.

लेस्टरकर (लेस्टर)

मी मूळचा सोलापूरचा. आता इंग्लंडमध्ये गॅस उपकरणांच्या जोडणीचे काम करतो. इथला नियम या चर्चेला लागू पडतो म्हणून लिहितो. गॅस सुरक्षेविषयीच्या १९९८ च्या नियमांनुसार बाथरूममध्ये किंवा शॉवरच्या खोलीत गॅसचे उपकरण बसवायचे असेल तर ते खोलीपासून पूर्णपणे बंद असलेले, म्हणजे ज्वलनासाठी हवा बाहेरून घेणारे आणि धूर बाहेरच सोडणारेच असावे लागते. नळी नसलेले किंवा खोलीतील हवा वापरणारे उपकरण तिथे लावताच येत नाही, व्हेंटिलेटर कितीही मोठा असला तरी. अशा बंद उपकरणाची नळी दुहेरी असते, आतल्या नळीतून धूर जातो आणि भोवतीच्या नळीतून हवा येते. बाथरूममधील दाबाचा त्या ज्योतीवर परिणाम होत नाही, त्यामुळे एक्झॉस्ट फॅनचा प्रश्नच मिटतो. भारतात मी सुट्टीवर येतो तेव्हा दुकानांत हे प्रकार कमी दिसतात आणि किंमतही अधिक असते, पण चौकशी केली तर मिळतात.

नळीच्या तोंडाविषयीही अंतरे ठरलेली आहेत. अमेरिकेच्या गॅस संहितेत पंख्याने धूर ढकलणाऱ्या उपकरणाचे तोंड कोणत्याही खिडकीच्या किंवा दाराच्या किमान चार फूट खाली, चार फूट बाजूला किंवा एक फूट वर असावे असे म्हटले आहे. आपल्या सोसायट्यांमध्ये खिडक्या एकमेकींना चिकटून असतात, तरी हे चार फुटांचे अंतर डोळ्यांसमोर ठेवून जागा शोधावी आणि गीझरसोबतच्या पुस्तिकेत यापेक्षा जास्त सांगितले असेल तर ते मानावे.

आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म जरूर घ्यावा. घेताना त्यावर ईएन ५०२९१ हे युरोपीय मानक छापलेले आहे का ते पाहावे. या मानकाप्रमाणे हवेत दहा लाखांत ३०० भाग इतका वायू झाला तर तीन मिनिटांच्या आत, १०० भागांवर १० ते ४० मिनिटांत आणि ५० भागांवर ६० ते ९० मिनिटांत भोंगा वाजावा लागतो. गॅसगळतीचा अलार्म हे वेगळे यंत्र आहे. तो न जळलेल्या गॅसवर वाजतो, कार्बन मोनॉक्साइडवर वाजत नाही. दुकानदार पुष्कळदा एकाच्या जागी दुसरे देतात.

मुठाकाठ (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. आज गच्चीवर जाऊन आलो. आमच्या डक्टवर खरोखरच पत्रा ठोकलेला आहे आणि एका बाजूची फट सिमेंटने बुजवलेली आहे. सेक्रेटरींना छायाचित्रे पाठवली असून पुढच्या सभेत विषय घेऊ असे त्यांनी सांगितले आहे. चौथ्या मजल्यावरच्या काकूंना विचारले तेव्हा त्यांच्या बाथरूममध्ये सिलिंडरवरचा गीझर आहे असे कळले; त्यांना ही सर्व उत्तरे वाचून दाखवली.

आमच्या बाबतीत स्वयंपाकघरालगत ड्राय बाल्कनी आहे, परंतु आधीच्या मालकांनी ती काचेच्या सरकत्या खिडक्यांनी पूर्ण बंद केली आहे आणि तिथे कपडे धुण्याचे यंत्र आहे. स्वयंपाकघर आणि बाल्कनी यांच्यामधले दार बहुतेक वेळा उघडे असते, आणि शेगडीवर विजेची चिमणी आहे. तिथे गीझर लावायचा झाला तर तो सुरक्षित आहे हे आम्ही घरच्या घरी कसे पडताळावे? आणि अलार्म कुठे लावावा?

बर्नर_देखभाल (पिंपरी)

चौथ्या मजल्यावर जाऊन सांगितलेत हे फार चांगले केलेत.

काचा लावलेली बाल्कनी ही खोलीच समजायची. पहिली पसंती लेस्टरकरांनी सांगितलेल्या बंद, दुहेरी नळीच्या गीझरला द्यावी. तो जमत नसेल तर पंख्याने धूर ढकलणारा घ्यावा आणि त्याची नळी बाल्कनीच्या बाहेरच्या भिंतीतून आरपार काढावी. अशा गीझरचा पंखा बिघडला किंवा वीज गेली तर गॅस आपोआप तोडला गेला पाहिजे. ही सोय आहे का ते विकत घेण्यापूर्वी विचारावे आणि बसवल्यावर प्लग काढून करून पाहावे. नळी लवचीक ॲल्युमिनियमची न घेता स्टेनलेस स्टीलची, गीझरच्या तोंडाइतक्याच व्यासाची, कमीत कमी वळणांची आणि पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून बाहेरच्या बाजूला किंचित उतरती ठेवावी. तोंड भिंतीच्या पुढे आलेले असावे, ग्रिलमध्ये ठेवलेल्या कुंड्यांच्या किंवा वाळत घातलेल्या कपड्यांच्या मागे दडलेले नसावे.

खिडकीची एक सरकती काच कायमची काढून तिथे ग्रिल ठेवा. बारीक डासांची जाळी लावू नका, कारण धुलाई यंत्राच्या शेजारी कपड्यांचे तंतू उडतात आणि ती जाळी थोड्याच दिवसांत बुजते. हेच तंतू आणि पावडर गीझरच्या आतील तांब्याच्या पातळ पंखांमध्येही अडकतात, धुराची वाट अरुंद होते आणि ज्योत पिवळी पडते. निळी ज्योत पिवळी झाली, वरच्या पत्र्यावर काजळी दिसली किंवा काचांवर नेहमीपेक्षा जास्त ओल जमू लागली, तर गीझर बंद करून कारागीर बोलवावा. वर्षातून एकदा, थंडी सुरू होण्यापूर्वी, आतून सफाई करून घ्यावी.

गीझर पाइप गॅससाठीच बनवलेला आहे याचीही खात्री करावी. सिलिंडरचा गॅस अधिक दाबाने आणि बारीक छिद्रातून येतो, पाइप गॅसची छिद्रे मोठी असतात. पाइप गॅसचा गीझर कधी सिलिंडरला जोडला तर गरजेपेक्षा कितीतरी जास्त गॅस सुटून धूर भयंकर होतो. पुढे घर बदलताना हा गीझर बरोबर नेलात तर हे विसरू नका.

आता चिमणीविषयी, कारण तुमच्या घरात खरा प्रश्न तोच आहे. गीझरला तासाला जेमतेम १२ घनमीटर हवा लागते आणि स्वयंपाकघराच्या चिमणीच्या खोक्यावर तासाला १,००० घनमीटर किंवा त्याहून अधिक असा आकडा छापलेला असतो. प्रत्यक्षात ती त्याच्या निम्मीच ओढत असली तरी साध्या नळीतील धूर तिच्यापुढे टिकत नाही. म्हणून साधी, नुसत्या उष्णतेवर चालणारी नळी तुमच्या बाल्कनीत नको असे मी स्पष्ट सांगतो.

पडताळणी अशी करावी. आधी गॅसच्या सर्व जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येत नाहीत हे पाहावे; हे झाल्याशिवाय पुढे काहीही पेटवू नये. मग घराच्या सर्व खिडक्या आणि मुख्य दार बंद करावे, स्वयंपाकघराचे दार नेहमीसारखे उघडे ठेवावे, चिमणी सर्वांत मोठ्या वेगावर आणि बाथरूमचा फॅन चालू करावा आणि गरम पाण्याचा नळ सोडून गीझर पाच मिनिटे चालू द्यावा. नंतर पेटलेली उदबत्ती गीझरच्या वरच्या कडेजवळ, नळी जिथे जोडली आहे त्या सांध्याभोवती आणि भिंतीतील छिद्राभोवती हळूहळू फिरवावी. धूर कुठेही गीझरपासून खोलीकडे ढकलला जाताना दिसला तर नळ लगेच बंद करावा, आणि कारण सापडेपर्यंत गीझर वापरू नये. बाहेर वारा असलेल्या दिवशी हीच पडताळणी पुन्हा करावी, कारण तिसऱ्या मजल्यावर भिंतीला आपटून फिरणारा वारा नळीच्या तोंडाशी काय करतो हे शांत दिवशी कळत नाही.

अलार्म बाथरूममध्ये लावू नये, वाफेने त्याचा संवेदक खराब होतो. बाल्कनीतही उघड्या खिडकीजवळ तो लावला तर ताज्या हवेत बसून राहील. तो स्वयंपाकघरात, बाल्कनीच्या दारापासून एक ते तीन मीटर अंतरावर, भिंतीवर दाराच्या चौकटीपेक्षा उंच पण छतापासून निदान वीतभर खाली लावावा. शेगडीच्या थेट वर नको. दुसरा घेणे शक्य असेल तर तो आई-वडिलांच्या खोलीत, पलंगावर झोपलेल्या माणसाच्या श्वासाच्या उंचीवर लावावा. तुमच्या घरात वरच्या किंवा खालच्या मजल्यावरून डक्टमधून काही आले तर ते त्यावर कळेल. संवेदकाची मुदत संपल्याची तारीख यंत्राच्या मागे छापलेली असते. ती भिंतीवर लावण्यापूर्वीच पुढच्या बाजूला ठळक लिहून ठेवा आणि चाचणीचे बटण आई-वडिलांसमोर एकदा दाबून तो आवाज त्यांना ऐकवा. तो वाजला की गॅसची चावी बंद करून सगळ्यांनी जिन्यात किंवा खाली मोकळ्यावर यायचे, कारण शोधायला कोणीही आत थांबायचे नाही.